अंगठा लागत नाही म्हणजे ठसे बदलले का? आणि कोआलाचं काय?

प्रश्न थोडक्यात असा : आईंचं वय ६८. गेले काही महिने रेशन दुकानात त्यांचा अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, "वयामुळे ठसे बदललेत." शाळेत मात्र ठसे जन्मभर तेच राहतात असं शिकवलेलं. त्यात सातवीतल्या मुलाने वाचून आणलंय की कोआलाचे ठसे हुबेहूब माणसासारखे असतात, मग ठसा 'फक्त आपला' कसा? आणि जाता जाता, मुलाच्या क्लासमध्ये ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी चाचणी ठेवलीय, पैसे भरावेत का?

मी पोलिसांच्या अंगुलीमुद्रा विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमचे प्रश्न चार दिसतात, पण गुंता एकच आहे. बोटावरची कातडी वेगळी आणि तिचा काचेवर, कागदावर किंवा मशीनवर उमटलेला ठसा वेगळा. कातडीवरची नक्षी बदलत नाही. ठसा मात्र दरवेळी वेगळा येतो. त्याच बोटाचे लागोपाठ दोन ठसे घेतले तरी ते तंतोतंत एकसारखे येत नाहीत. दाब बदलतो, घाम बदलतो, कोन बदलतो. आमचं सगळं आयुष्य या दोहोंमधलं अंतर ओळखण्यात गेलं.

आधी रेशनचं बघू, कारण ते थांबत नाही.

अंगठा लागला नाही की पॉस मशीनवर काय मेसेज येतो ते दुकानदाराला वाचायला सांगा. आधारचा ३०० नंबरचा एरर म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० असेल तर आईंचं बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे. नकली ठसे वापरून खात्यातून पैसे काढल्याच्या बातम्या आल्यावर अनेक घरांत मुलांनी आईवडिलांचं आधार लॉक करून टाकलं आणि नंतर विसरून गेले. तसं असेल तर एमआधार ॲपमधून अनलॉक करा, काम संपलं.

३०० येत असेल तर अंगठ्याचा हट्ट सोडा. आधारला दहाही बोटं नोंदवलेली असतात. अंगठा ही आपली जुनी सवय, सातबाऱ्यापासून सावकाराच्या वहीपर्यंत चालत आलेली. भांडी, झाडू, विळी, जातं यांत अंगठा आणि तर्जनी सगळ्यात जास्त झिजतात. मधलं बोट किंवा अनामिका अनेकदा बरी निघते. हात कोमट पाण्याने धुवून पुसायचे, कोरडे पडत असतील तर खोबरेल तेलाचा थेंब चोळून तोही पुसून टाकायचा. मशीनची काच पुसायची, कारण आधीच्या माणसांचं तेलकट तिथेच असतं. बोटाचं टोक न टेकवता पेराचा मधला भाग टेकवायचा आणि दाबायचं नाही. "जोरात दाबा आजी" हा सल्ला मी दुकानादुकानात ऐकलाय आणि तो उलटा आहे. म्हाताऱ्या कातडीचे कंगोरे, म्हणजे ठशात रेघा उमटवणारे बारीक उंचवटे, आधीच सपाट झालेले असतात, जोर लावला की ते पसरून एकमेकांना चिकटतात आणि मशीनला नुसता डाग दिसतो.

एवढं करूनही लागलं नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. आधारची सुरुवातच २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. म्हणजे सुरुवातीच्या नोंदी आता दीड दशक जुन्या आहेत, आणि त्या वेळी शिबिरात घाईघाईने घेतलेले बरेच ठसे मुळातच सुमार होते. अपडेट करायचं ते ठसे बदलले म्हणून नव्हे, साठवलेलं चित्र जुनं आणि वाईट आहे म्हणून. तोवर डोळ्याच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून, मोबाइलच्या ओटीपीवरून किंवा कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याच्या अंगठ्यावरून धान्य घेता येतं का, हे तुमच्या दुकानातलं मशीन आणि तहसीलची पुरवठा शाखा यांवर अवलंबून आहे. तिथे विचारा, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा.

आता कातडी बदलत नाही हे मी इतक्या ठामपणे का म्हणते ते सांगते.

बाळ पोटात दहा-अकरा आठवड्यांचं असतं तेव्हा त्याच्या बोटांच्या पेरांवर फुगीर गाद्या असतात. त्या हळूहळू बसत जातात आणि त्याच सुमारास कंगोरे उमटायला लागतात. डोंगरउतारावरची भातखाचरं जशी उताराचा आकार धरत जातात, तसे हे कंगोरे गादीचा आकार धरतात. गादी उंच आणि गोल असताना कंगोरे आले तर चक्र होतं (कंगोरे गोल गोल फिरतात), गादी एका बाजूला कललेली असेल तर शंख (कंगोरे एका बाजूने येऊन तिकडेच वळतात), आणि ती बरीचशी बसून गेलेली असेल तर साधी कमान. साधारण सतराव्या आठवड्यापर्यंत मुख्य आराखडा पक्का होतो. २०२३ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की कंगोरे तीन ठिकाणांहून लाटांसारखे पसरत येतात : गादीच्या मध्यातून, नखाखालच्या टोकाकडून आणि सांध्याच्या घडीकडून. या लाटा जिथे भेटतात तिथे नक्षी ठरते. त्यामागचं गणित इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्येच मांडलं होतं, झेब्र्याचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके कसे येत असतील याचा विचार करताना जे गणित कामाला येतं तेच.

म्हणूनच एकसारख्या जुळ्यांचे ठसेही वेगळे असतात. गुणसूत्रं तीच, त्यामुळे दोघांच्या त्याच बोटावर शंख असण्याची शक्यता बरीच. पण एखादा कंगोरा नेमका कुठे थांबला, कुठे दुभंगला, हे त्या त्या वेळच्या बारीकसारीक परिस्थितीवर ठरतं आणि ते दोघांत सारखं होत नाही.

या आराखड्याचा साचा वरच्या कातडीत नसतो, तिच्या आणि खालच्या थराच्या सीमेवर असतो. वरची कातडी सोलली, भाजली, घासली तरी खालून तीच नक्षी परत वर येते. जखम साच्यापर्यंत खोल गेली तर कायमचा व्रण राहतो, आणि गंमत म्हणजे तो व्रण हीच मग आणखी एक ओळख होते. अमेरिकेत १९४१ मध्ये एका गुन्हेगाराने डॉक्टरला पैसे देऊन बोटांच्या टोकांवर छातीची कातडी बसवून घेतली होती. पोलिसांनी त्याला बोटांच्या दुसऱ्या पेरांवरून ओळखलं. तिथेही कंगोरे असतात, हे तो विसरला होता.

ठसे टिकतात याचा पहिला पुरावा आपल्या देशातलाच आहे. विल्यम हर्शेल हा इंग्रज अधिकारी १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला होता. रस्त्याच्या खडीच्या कंत्राटावर त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. कोनाईने पुढे करार नाकारू नये म्हणून त्याच्यावर वचक बसावा, एवढाच तेव्हाचा हेतू. पण पुढे हर्शेलला नाद लागला. तो स्वतःचेच ठसे घेत राहिला, आणि १८५९ पासून पुढे पन्नासहून अधिक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या त्याच्या ठशांत कंगोऱ्यांची रचना तीच निघाली.

मग आईंचं काय झालं? नक्षी आहे तिथेच आहे, तिची उंची गेली. वयाबरोबर कातडी पातळ आणि कोरडी होते, कंगोरा आणि खाच यांतला फरक कमी होतो, बारीक सुरकुत्या आडव्या जातात. हे फक्त वयाने होत नाही. सिमेंट कालवणारा गवंडी, वीटभट्टीवरची बाई, ऊसतोड मजूर, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका, यांची बोटं चाळिशीतच अशी होतात. कोकणात आणि गोव्यात काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं टरफलातल्या तेलाने काळी पडून सोलवटलेली मी पाहिलीत. हंगामात त्यांचा ठसा घेणं म्हणजे शिक्षाच. पण बरेचदा दोन-तीन आठवडे ते काम थांबलं की ठसा परत येतो. यावरून समजा की तो गेलेलाच नव्हता.

औषधांनीही हे होतं. कॅपेसिटाबिन हे कर्करोगावरचं औषध काहींच्या तळहातांची कातडी सोलून काढतं. सिंगापूरच्या एका रुग्णाला त्यामुळे अमेरिकेच्या विमानतळावर अडवून ठेवल्याचं २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. आईंचे असे काही उपचार चालू असतील तर डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. आणि जगात मोजकी कुटुंबं अशीही आहेत ज्यांना जन्मतःच कंगोरे नसतात. २०११ मध्ये एका स्विस कुटुंबाच्या अभ्यासातून त्यामागचा जनुकातला बिघाड सापडला. सीमेवरच्या तपासणीत ही माणसं अडकतात म्हणून डॉक्टरांनी त्याला गमतीने 'इमिग्रेशन डिले डिसीज' असंच नाव दिलं.

आता मुलाचा कोआला. मुलाने बरोबर वाचलंय. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाचे मॅचे हेनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोआलाची बोटं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. शंख, चक्र, सगळं होतं, आणि कंगोऱ्यांची घडण माणसासारखी. नवल यासाठी की कोआला माकडाच्या कुळातला नाही. तो पिशवीवाला प्राणी, कांगारूच्या बाजूचा. त्याचा जवळचा नातेवाईक वाँबॅट, त्याच्या बोटांवर असं काही नाही. म्हणजे आपल्याकडे हे वारशाने आलं आणि कोआलाकडे स्वतंत्रपणे घडलं. दोघांत साम्य एकच : दोघंही बोटांनी पकडतात, चाचपतात. कोआला निलगिरीची पानं हातात धरून, हुंगून, निवडून खातो.

कंगोऱ्यांचं नेमकं काम काय, यावर अजून वाद आहे. पकड घट्ट होते असं आपण सरळ धरून चालतो. पण मँचेस्टरमध्ये २००९ मध्ये गुळगुळीत ॲक्रिलिकवर मोजलं तेव्हा दिसलं की कंगोऱ्यांमुळे कातडीचा काचेसारख्या पृष्ठभागाशी येणारा संपर्क उलट कमीच होतो. त्याच वर्षी फ्रान्समधल्या गटाने दाखवलं की खरखरीत पृष्ठभागावरून बोट फिरवताना कंगोरे विशिष्ट कंपनं वाढवतात आणि ती आतल्या स्पर्शाच्या पेशींना नेमकी कळतात. माझं वजन स्पर्शाच्या बाजूला आहे. डोळे मिटून रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं चाचपून बघा.

माकडांकडे तर हे सर्रास आहे. वानर, लाल तोंडाचं माकड, चिंपँझी, गोरिला, सगळ्यांच्या तळहातांवर आणि तळपायांवर कंगोरे असतात. चिंपँझी आणि गोरिला बोटं मुडपून चालतात, म्हणून त्यांच्या बोटांच्या पाठीवर, जिथे जमिनीला टेकतं तिथेही असतात. दक्षिण अमेरिकेतली स्पायडर माकडं शेपटीने फांदी धरतात. त्यांच्या शेपटीच्या टोकाला खालच्या बाजूने केस नसलेला पट्टा असतो आणि त्यावर कंगोरे. तुमच्या मुलाला हे नक्की सांगा.

मग अशा प्राण्यांच्या ठशांनी पोलीस फसतात का? माझ्याच नोकरीतला एक प्रसंग. साताऱ्याकडच्या एका डोंगरावरच्या देवस्थानात मुदपाकखान्याचं सामान अस्ताव्यस्त झालेलं, खिडकीची एक फळी सरकवलेली. हवालदारांचं ठाम मत : गजांतून लहान पोर आत सोडलंय. खिडकीच्या काचेवर ॲल्युमिनियमची करडी भुकटी ब्रशने फिरवली, आणि हाताचा सुरेख ठसा उठला. कंगोरे स्वच्छ, पण बारीक. काळ्या कार्डावर टेपने उचलून भिंगाखाली धरला. तळहात लांबट आणि अरुंद, बोटं तळहाताच्या मानाने फार लांब, आणि अंगठा असायला हवा तिथे नुसता एक छोटा ठिपका, तोही मनगटाजवळ. वानराचा अंगठा असाच आखूड असतो. पोराचा हात असता तर प्रमाणं वेगळी आली असती. हवालदार खट्टू झाले, पण पुजारी म्हणाले, "मग बरोबर, गुळाची ढेप तेवढी नेलीय."

इंग्लंडमध्ये १९७५ मध्ये पोलिसांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन चिंपँझी आणि ओरांगउटानचे ठसे घेतले होते, न सुटलेल्या गुन्ह्यांतल्या ठशांशी ताडून पाहायला. एकही जुळला नाही. कोआलाचा ठसा गुन्ह्याच्या जागी सापडल्याने घोळ झाला, असं कुठल्याही कामाच्या कागदात मला भेटलेलं नाही. ती मथळ्यांची करामत.

पण मुलाच्या प्रश्नात खरा मुद्दा आहे. नक्षी सारखी, मग ओळख कशी? इथे लोकांची नेहमी गल्लत होते. शंख, चक्र, कमान ही फक्त वर्गवारी आहे. जगात साठ-पासष्ट टक्के बोटांवर शंख असतात, तीसेक टक्क्यांवर चक्र, उरलेल्यांवर कमान. 'दहा चक्रांचा राजा होतो' म्हणतात. तसे दहा चक्रांचे लोक मी रेकॉर्डवर पाहिलेत, पण ते राजे म्हणून तिथे आले नव्हते. वर्गवारीचा उपयोग शोध घेण्यापुरता. १८९७ मध्ये कलकत्त्याला जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र निघालं, तिथल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी दहा बोटांच्या नक्षीवरून कागदं १,०२४ कप्प्यांत लावायची पद्धत बसवली. नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं, लागलं. संगणक येईपर्यंत जगभरचे विभाग याच पद्धतीवर चालले.

ओळख पटवायची ती त्याच्या खालच्या पातळीवर. भिंगाखाली एक कंगोरा धरून चालायचं : हा इथे संपला, त्याच्या उजवीकडचा दोन कंगोरे सोडून दुभंगला, मध्ये एक बेट आहे, एक सुटा ठिपका आहे. हे बिंदू कुठे आहेत, कोणत्या दिशेला तोंड करून आहेत आणि त्यांच्यामध्ये किती कंगोरे आहेत, हे सगळं जुळलं पाहिजे आणि न पटणारा, खुलासा न होणारा एकही फरक निघता कामा नये. पूर्ण ठशात असे शंभराच्या आसपास बिंदू असतात. कोआलाच्या बोटावरही असतातच, पण ते त्या कोआलाचे.

घटनास्थळी मात्र पूर्ण ठसा क्वचित मिळतो. मिळतो तो अर्धवट, फरफटलेला, एकावर एक पडलेला. चुका होतात त्या इथे. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या संगणकात घातला, त्यात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातले वकील ब्रँडन मेफिल्ड यांचं नाव आलं, तज्ज्ञांनी ठसा त्यांचाच असल्याचं सांगितलं आणि त्यांना अटक झाली. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच म्हटलं. मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. एफबीआयला माफी मागावी लागली. दोघांची बोटं एकसारखी नव्हती. पण लाखोंच्या संग्रहात शोध घेतला की सगळ्यात जवळचा दिसणारा माणूस वर येतो, आणि एकदा नाव समोर आलं की डोळा साम्य शोधायला लागतो. २०११ मध्ये १६९ अमेरिकी तज्ज्ञांची चाचणी घेतली तेव्हा चुकीने 'जुळला' म्हणण्याचं प्रमाण ०.१ टक्का आणि चुकीने 'जुळत नाही' म्हणण्याचं ७.५ टक्के निघालं. म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचं मत न कळता स्वतंत्र तपासणी करावी, हा माझा आग्रह असायचा. सगळ्यांना तो आवडायचा असं नाही.

ज्या प्राण्यांना बोटांवर कंगोरे नाहीत त्यांची ओळख दुसरीकडे असते. गाय-बैलाच्या नाकपुड्यांमधल्या ओल्या भागावर खाचांची नक्षी असते. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून तिचे शाईने ठसे घेऊन जनावरं ओळखायचा प्रयोग झाला. कॅनडात कुत्र्यांच्या नाकाचा ठसा १९३८ पासून नोंदणीला चालतो. वाघाचे पट्टे तर ताडोब्याला जाऊन आलेल्या कुणालाही माहीत. पूर्वी पगमार्कवरून, म्हणजे पंजाच्या ठशांवरून, मोजणी व्हायची, आता कॅमेऱ्यांतल्या पट्ट्यांवरून होते. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावावे लागतात.

राहिली क्लासमधली चाचणी. ठशांवरून मेंदूच्या कुठल्या भागात किती बुद्धी आहे, मुलाने वाणिज्य घ्यावं की विज्ञान, हे सांगणारे तक्ते मी नीट वाचलेत. बोटाची नक्षी गर्भातल्या गादीच्या उंचीवरून ठरते. तिचा गणिताशी किंवा चित्रकलेशी संबंध असल्याचा पुरावा नाही. काही जनुकीय आजारांत तळहाताच्या रेषांत फरक दिसतात, उदाहरणार्थ डाउन सिंड्रोममध्ये बऱ्याच मुलांच्या तळहातावर एकच आडवी रेघ असते, पण तीच रेघ कितीतरी निरोगी माणसांच्या हातावरही असते, म्हणून डॉक्टर तेवढ्यावरून निदान करत नाहीत. मग क्लासवाले बुद्धीचं कसं करणार? पैसे भरू नका. शिवाय तिथे मुलाच्या दहाही बोटांचे ठसे एका खासगी संगणकात जातात. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटं बदलता येत नाहीत. मुलाला ठशांची आवड लागलीच असेल तर घरी स्टँपपॅड घ्या, त्याची, तुमची आणि आईंची बोटं कोऱ्या कागदावर उमटवा आणि शाळेचं भिंग त्याच्या हातात द्या. आईंचं कुठलं बोट मशीनवर चालेल, हेही त्यातच दिसेल.